हॅरी डीन स्टँटन: छोट्या भूमिकांचा मोठा नट, आणि त्याच्याकडून आपण काय घ्यायचं

तुम्ही विचारलंय की हॅरी डीन स्टँटनला ऑस्करचं साधं नॉमिनेशनसुद्धा कधी मिळालं नाही, स्टार तो कधीच नव्हता, बहुतेक सिनेमांत दहा-पंधरा मिनिटांचं काम, तरी अमेरिकेतले मोठमोठे डायरेक्टर आणि नट त्याचं नाव निघालं की एवढ्या आदराने का बोलतात. आणि दुसरं असं की चाळिशी गाठलेल्या, मालिकांमध्ये इन्स्पेक्टर, वकील, हीरोइनचा मामा असल्या भूमिका करणाऱ्या नटाने त्याच्या करिअरकडे बघून काय शिकावं. मी स्वतः बरीच वर्षं नाटक, सिरियल, सिनेमात चरित्र भूमिकाच करत आलोय आणि कार्यशाळाही घेतो, तिथे स्टँटनचे सीन आवर्जून दाखवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी थोडक्यात उत्तर. कॅमेऱ्यासमोर काहीतरी करून दाखवायची धडपड या माणसाने एका टप्प्यावर पूर्ण सोडून दिली आणि पुढची पन्नास वर्षं ती परत जवळ येऊ दिली नाही. म्हणून त्याची दोन मिनिटांची भूमिका असली तरी आख्खा माणूस दिसतो, त्याचं घर, त्याचं कर्ज, त्याची जुनी दुखणी सगळं मागे आहे असं वाटतं. नशीब, ओळखी, चेहरा हे सगळं होतंच त्याच्याकडे, पण माझ्या मते ते नंतरचं.

आता सुरुवातीपासून. जन्म १४ जुलै १९२६, केंटकी राज्यातलं वेस्ट आयर्विन नावाचं छोटं गाव, वडील तंबाखूची शेती करायचे आणि न्हाव्याचं कामही. दुसऱ्या महायुद्धात नेव्हीमध्ये गेला, जहाजावर स्वयंपाकी होता, ओकिनावाच्या लढाईत ते जहाज होतं. परत आल्यावर केंटकी युनिव्हर्सिटीत पत्रकारिता शिकायला लागला आणि तिथे कॉलेजच्या नाटकात काम केलं, नाटक शॉचं पिग्मॅलियन आणि भूमिका डूलिटलची, म्हणजे आपल्या पुलंच्या फुलराणीतल्या मंजुळेच्या बापाची मूळ भूमिका. बघा, विशीतला मुलगा आणि पहिलीच महत्त्वाची भूमिका बापाची! तिथून शिक्षण अर्धवट सोडून कॅलिफोर्नियात पॅसाडिना प्लेहाउस नावाच्या नाट्यसंस्थेत गेला, मध्ये एका पुरुषांच्या गायनमंडळाबरोबर गावोगाव फिरलाही. हे गाण्याचं लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

१९५४ मध्ये टीव्हीवर पहिलं काम, १९५६ मध्ये हिचकॉकच्या द राँग मॅनमध्ये एक बारीकसं काम ज्याचं श्रेयनामावलीत नावही नाही. मग सुरू झाली टीव्हीवरच्या वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदूकवाल्या काउबॉय मालिकांची रांग, गनस्मोक, रॉहाइड, बोनान्झा वगैरे. या मालिकांना दर आठवड्याला नवे गुंड, नवे दरोडेखोर, नवे दारुडे लागायचे आणि हा हडकुळा, गाल आत गेलेला, डोळे खोल असलेला माणूस त्यात फिट बसायचा. नाव तरी धड मिळावं, तर तेही नाही, हॅरी स्टँटन नावाचा दुसरा एक नट आधीच इंडस्ट्रीत होता म्हणून याला बरीच वर्षं डीन स्टँटन या नावाने काम करावं लागलं. टोळीच्या म्होरक्याच्या मागे उभा असलेला तिसरा माणूस, ही त्याची तेव्हाची जागा.

आणि इथे पुढे मोठा स्टार झालेला नट जॅक निकल्सन येतो. दोघं जिवलग मित्र, काही काळ एकाच घरात राहिलेले, १९६२ मध्ये निकल्सनच्या लग्नात हा बेस्ट मॅन, म्हणजे नवरदेवाचा पाठराखा होता. निकल्सनने राइड इन द व्हर्लविंड नावाचा एक कमी बजेटचा वेस्टर्न लिहिला, माँटी हेलमनने डायरेक्ट केला, १९६६ चा सिनेमा, त्यात स्टँटनला दरोडेखोरांच्या म्होरक्याची भूमिका दिली, एका डोळ्यावर पट्टी. आणि भूमिका देताना निकल्सनने त्याला सांगितलं की तू काहीच करू नकोस, अभिनय कपड्यांना करू दे, तू फक्त तू राहा. स्टँटन पुढे आयुष्यभर मुलाखतींमध्ये हा किस्सा सांगायचा, त्याच्या दृष्टीने तिथून सगळं बदललं. म्हणजे बघा, पहिलं टीव्हीचं काम १९५४ आणि ही गोष्ट त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, वय चाळिशीला टेकलेलं. तुमचंच वय.

आता 'काही करू नकोस' हे ऐकायला फार सोपं वाटतं. माझ्या कार्यशाळेत हे सांगितलं की मुलं चेहरा कोरा करून उभी राहतात, नजर मेलेली, हात लटकलेले, आणि सीन जागच्या जागी पडतो. स्टँटनचं तसं नाहीये. त्याच्या चेहऱ्यावर हलत जवळजवळ काहीच नाही पण समोरचा जे बोलतोय ते त्याच्यापर्यंत पोचतंय, आत कुठेतरी लागतंय, आणि हा ते लपवतोय, हे तिन्ही एकाच वेळी डोळ्यांत दिसतं. ऐकणं हे सगळ्यात मोठं काम आहे आणि ते तो शंभर टक्के करतो, बाकी काम मेकअप, कपडे, लाइट आणि संवाद करतात. आपण नाटकातली माणसं शेवटच्या रांगेपर्यंत पोचायच्या सवयीची, कॅमेऱ्यासमोर आलो की तेच जोरात करतो, भुवया, मान, हातवारे. आणि छोटी भूमिका असली की तर जास्तच, कारण वाटतं आपल्याकडे एवढाच वेळ आहे, यात लक्षात राहिलं पाहिजे. फुटेज खायला जातो आणि भूमिकाच हातातून जाते.

उदाहरण घ्या स्ट्रेट टाइमचं, १९७८, डस्टिन हॉफमन हीरो. स्टँटन यात जेरी नावाचा माजी गुन्हेगार आहे, सगळं सोडून आता सरळमार्गी संसार करतोय. हॉफमनचं पात्र त्याच्या घरी येतं, मागच्या अंगणात स्विमिंग पूल, बायको हौसेने पाहुण्याची सरबराई करतेय, हा खाण्याचं बघतोय, एकदम सुखी घर. बायको आत गेल्यावर तो मित्राला सांगतो की मला इथून बाहेर काढ. बास. आवाज चढवत नाही, डोळ्यांत पाणी नाही, कोणी ऐकेल म्हणून इकडे तिकडे बघायचा अभिनय नाही. एका वाक्यात आपल्याला कळतं की हा माणूस या अंगणात रोज गुदमरतोय, आणि तो मरणार हेही तिथेच कळतं. मी हा सीन किती वेळा दाखवला असेन आणि प्रत्येक वेळी मुलं विचारतात की त्याने नेमकं केलं काय. त्याने वाक्याच्या आधी काहीच केलं नाही, हेच केलं. आपल्यातला दुसरा कोणीही असता तर बायको पाठमोरी झाल्याबरोबर चेहरा पाडला असता, म्हणजे वाक्य यायच्या आधीच प्रेक्षकाला बातमी फुटली असती.

मग १९७९ चा एलियन. रिडली स्कॉट भेटायला आला तेव्हा याने सरळ सांगितलं की मला सायन्स फिक्शन आणि राक्षसांचे सिनेमे आवडत नाहीत. मिळालेली भूमिका ब्रेट, जहाजावरचा मेकॅनिक, डोक्यावर कॅप, अंगात रंगीबेरंगी हवाई शर्ट, आणि संवाद म्हणाल तर त्याचा जोडीदार मेकॅनिक पार्कर काहीही बोलला की 'राइट' म्हणायचं, एवढंच जवळपास. त्यावरून सिनेमाची नायिका रिप्ली त्याला टोकतेसुद्धा आणि त्यालाही तो 'राइट'च म्हणतो. आता कागदावर बघा काय आहे या भूमिकेत? काही नाही. पण दोघं मिळून पगाराची कुरकुर करतात ना, तेव्हा तो अंतराळातला माणूस वाटतच नाही, कुठल्याही वर्कशॉपमधला ओव्हरटाइमवर चिडलेला फिटर वाटतो, आणि त्यामुळे सगळं जहाज खरं वाटायला लागतं. त्याच्या मरणाचा सीन तर अभ्यासाचा विषय आहे. मांजर शोधत तो एका उंच दालनात येतो, वरून साखळ्या लटकतायत, पाणी ठिबकतंय, आणि तो थांबतो, कॅप काढतो, चेहरा वर करून ते पाणी तोंडावर घेतो. घाबरलेला नाहीये तो, दमलेल्या माणसाला गारवा मिळालाय, एवढंच. प्रेक्षक खुर्चीत आकसून बसलेला आणि हा निवांत. त्या निवांतपणामुळे पुढे जे होतं ते अंगावर येतं. भीतीच्या सीनमध्ये नटाने आधीच भीती दाखवली की प्रेक्षकाला करायला काही उरत नाही, हे मी या सीनवरून शिकवतो.

या काळात तो सगळीकडे आहे. कूल हँड ल्यूकमध्ये (१९६७) कैद्यांपैकी एक, गिटार घेऊन भजनासारखं गाणं गातो. गॉडफादरच्या दुसऱ्या भागात एफबीआयचा माणूस. जॉन ह्यूस्टनच्या वाइज ब्लडमध्ये आंधळ्याचं सोंग घेतलेला धर्मोपदेशक, हा मात्र जरूर बघा, इथे तो जास्त 'करतो' कारण पात्रच सोंगाडं आहे, म्हणजे त्याला करता येत नव्हतं असं नाही. समीक्षक रॉजर एबर्टने तर नियमच लिहून टाकला होता की ज्या सिनेमात हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श दुय्यम भूमिकेत आहे तो सिनेमा पूर्ण वाईट असूच शकत नाही. पुढे ड्रीम अ लिटल ड्रीम (१९८९) बघून त्याने हा नियम मोडला गेला हेही मान्य केलं, पण नियम लोकांच्या तोंडी राहिला तो राहिलाच. वर सांगितलेल्या स्ट्रेट टाइममध्ये योगायोगाने हे दोघंही आहेत, वॉल्श पॅरोल ऑफिसर झालाय.

आणि मग पॅरिस, टेक्सस हा सिनेमा. १९८३ मध्ये सँटा फे इथे एका फिल्म फेस्टिव्हलच्या वेळी बारमध्ये लेखक सॅम शेपर्डबरोबर टकीला पीत बसला असताना स्टँटन म्हणाला की तेच तेच रोल करून मी कंटाळलोय, काहीतरी सुंदर, हळवं असं करायला मिळालं पाहिजे. तो भूमिका मागत नव्हता, नुसतं मन मोकळं करत होता. शेपर्डच्या ते डोक्यात राहिलं आणि पुढे विम वेंडर्सच्या या सिनेमातली ट्रॅव्हिसची मुख्य भूमिका त्याने स्टँटनला देऊ केली. वय ५७. पहिला लीड रोल म्हणावा असा. १९८४ च्या कान महोत्सवात सिनेमाला पाम दोर हे तिथलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं ट्रॅव्हिस बोलतच नाही, टेक्ससच्या वाळवंटातून लाल कॅप घालून चालतोय, हातात पाण्याचा प्लॅस्टिक कॅन. या चालण्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, पण मला नट म्हणून जास्त आवडतो तो नंतरचा भाग, भावाच्या घरी. ट्रॅव्हिसला स्वतःच्या मुलाचा बाप व्हायचंय, चार वर्षं तो गायब होता, पोरगं त्याच्याबरोबर शाळेतून चालत यायला तयार नाही. तर तो घरातल्या कामवाल्या बाईंना विचारतो की बापासारखं कसं दिसायचं. ती त्याला भावाचा सूट घालायला लावते आणि शिकवते की श्रीमंत बापाने चालताना खाली बघायचं नाही, आभाळाकडे बघायचं. आणि हा शिकतो! भूमिका कशी उभी करायची याचा वर्गच आहे तो, कपडे, मान, चाल, आणि शिकणारा नट असा की ज्याने आयुष्यभर कपड्यांना अभिनय करू दिलाय. मग शाळेबाहेर तो मुलाची वाट बघतो, दोघं रस्त्याच्या दोन बाजूंनी चालतात, मुलगा त्याची नक्कल करायला लागतो. संवाद नाही. बाप-लेकाचं नातं जुळलं हे फक्त दोन चालींवर दाखवलंय.

आणि शेवटाकडचा बूथचा सीन. बायको आता ज्या ठिकाणी काम करते तिथे मधे काच आहे, तो तिला बघू शकतो, ती त्याला बघू शकत नाही, बोलणं फोनवरून. पहिल्यांदा जातो तेव्हा त्याला सहन होत नाही, निघून येतो. दुसऱ्यांदा खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करून बसतो आणि एका माणसाची आणि त्याच्या तरुण बायकोची गोष्ट सांगायला लागतो, म्हणजे स्वतःचीच, पण 'मी' न म्हणता. शेपर्ड तेव्हा दुसऱ्या सिनेमाच्या शूटिंगवर होता आणि हा शेवटचा भाग त्याने फोनवरून लिहून दिला होता. एवढं मोठं स्वगत, नटाला मोह किती झाला असता, आवाज भरून आणायचा, थांबायचं, हुंदका. स्टँटन ते जवळपास सपाट स्वरात सांगतो, आठवून आठवून, जणू घडलेलं नीट क्रमाने सांगणं एवढीच त्याची जबाबदारी आहे. माया, संशय, क्रूरपणा, सगळं एकाच आवाजात. रडायचं काम त्याने आपल्यावर सोडलंय, आणि बायको झालेल्या नास्तासिया किन्स्कीच्या चेहऱ्यावर, कारण तो बोलत असताना ती ओळखायला लागते. म्हणजे आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सीनमध्येसुद्धा त्याने तिला जागा करून दिली. हे तीस वर्षं दुसऱ्यांच्या सीनमध्ये उभं राहिलेल्या माणसालाच सुचतं असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर काय झालं, तर काही नाही, तो परत छोट्या भूमिकांकडे गेला. त्याच वर्षी रेपो मॅन, मग १९८६ मध्ये प्रिटी इन पिंकमध्ये मॉली रिंगवाल्डचा बेकार बाप, स्कोर्सेसीच्या द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्टमध्ये पॉल, डेव्हिड लिंचचे बरेचसे सिनेमे. काही लोक म्हणतात संधी वाया घालवली. मला तसं अजिबात वाटत नाही. साठीच्या माणसासाठी हॉलिवूडमध्ये लीड रोल लिहिले जात नव्हते हे एक, आणि त्याला गावागावांतल्या बारमध्ये आपल्या बँडबरोबर गिटार, माउथऑर्गन घेऊन गायलाही तेवढंच आवडायचं हे दुसरं. पॅरिस, टेक्ससच्या साउंडट्रॅकवर कान्सिओन मिश्तेका हे स्पॅनिश गाणं त्याने स्वतः गायलंय, ऐका, नट गातोय असं वाटत नाही, माणूस गातोय असं वाटतं.

छोटी भूमिका किती भरू शकते याचा माझ्यासाठी शेवटचा शब्द म्हणजे लिंचचा द स्ट्रेट स्टोरी, १९९९. म्हातारा ऑल्विन दुरावलेल्या आजारी भावाला भेटायला गवत कापायच्या मशीनवर बसून आयोवातून विस्कॉन्सिनपर्यंत जातो, खरी घटना १९९४ ची. आख्खा सिनेमा भाऊ लाइलबद्दल आपण ऐकत असतो. आणि लाइल येतो तो अगदी शेवटी, स्टँटन, वॉकर धरून, काही मिनिटंच. तो एकदा त्या मशीनकडे बघतो आणि विचारतो की याच्यावर बसून आलास का माझ्यासाठी. दोन वाक्यं असतील नसतील. दोन तासांचं ओझं त्या नजरेवर होतं, आणि लिंचने ते द्यायला हाच माणूस निवडला, यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. कारण डायरेक्टरला माहीत असतं की याला पाठवला की मागची साठ वर्षांची भाऊबंदकी आपोआप फ्रेममध्ये येईल, वेगळी दाखवावी लागणार नाही.

आता तुमच्याबद्दल. इन्स्पेक्टर मिळाला तर आधी हे ठरवा की तो आज सकाळी कुठून आलाय आणि इथून सुटल्यावर कुठे जाणारे, आणि ते कोणाला दाखवू नका, फक्त घेऊन या. शूज, बेल्ट, पेन, घड्याळ याबाबत कॉस्च्यूमवाल्यांशी बोला, त्यांना राग येत नाही, उलट कोणी विचारलं की बरं वाटतं. दुसऱ्याच्या क्लोजअपला क्यू देताना मोबाइलवरून मान वर करून नीट द्या, ऐकायची सवय तिथेच लागते आणि युनिटमध्ये कोण तसं करतं हे सगळ्यांना माहीत असतं, पुढचं काम बऱ्याचदा त्यावरच येतं. मालिकेत डायरेक्टर मोठी रिअ‍ॅक्शन मागतो हे मला माहितीये, रोज मीही देतो, पण एक टेक तरी कमी करून द्यायला परवानगी मागा, चांगले डायरेक्टर देतात आणि एडिटला तोच लागतो असंही होतं. आणि गाणं, वाद्य, चालणं, शेती, काहीतरी स्वतःचं असू द्या. कामाशिवायचे आठवडे येणारच आहेत, स्टँटनलाही आले, ते रिकामे गेले की नट आतून कडू होतो आणि कडूपणा कॅमेऱ्याला सगळ्यात आधी दिसतो.

एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याचा चेहरा लाखात एक होता आणि निकल्सनसारखा मित्र सगळ्यांना मिळत नाही, त्यामुळे त्याच्यासारखं केलं की त्याच्यासारखं मिळेल असं मी कोणाला सांगणार नाही. पण कामाची रीत मात्र उचलता येते, तिला चेहरा लागत नाही.

बघायचा क्रम विचारलात तर एलियनपासून सुरू करा कारण तो बहुधा तुम्ही पाहिलेला असेल, आता फक्त ब्रेटवर नजर ठेवून परत बघा, तो बोलत नसताना काय करतो तेवढंच. मग स्ट्रेट टाइम, मग पॅरिस, टेक्सस एका बैठकीत, मध्ये न थांबवता. द ग्रीन माइलमध्ये मृत्युदंडाच्या रंगीत तालमीत कैद्याच्या जागी बसणारा टूट-टूट बघा, विनोदी काम तो कसं हलक्या हाताने करायचा ते कळेल. सगळ्यात शेवटी लकी, २०१७, नव्वदीचा म्हातारा, रोज सकाळी योगासनं, सिगरेट, कॉफी, शब्दकोडं. डायरेक्टर जॉन कॅरल लिंच हा स्वतः चरित्र अभिनेता, डेव्हिड लिंच त्यात कासव हरवलेल्या मित्राच्या भूमिकेत, आणि नेव्हीत स्वयंपाकी असल्याची आठवण स्टँटनच्या खऱ्या आयुष्यातली. एलियनमधला त्याचा कॅप्टन टॉम स्केरिट इथे त्याच्यासमोर एका टेबलावर बसून युद्धाची गोष्ट सांगतो, लांबलचक, आणि ती चालू असताना स्टँटन नुसता ऐकतो. १५ सप्टेंबर २०१७ ला ९१ व्या वर्षी तो गेला, त्यानंतर दोन आठवड्यांनी हा सिनेमा अमेरिकेत थिएटरमध्ये लागला. तो टेबलाचा सीन दोनदा बघा, एकदा स्केरिटसाठी आणि एकदा स्टँटनसाठी, आणि दुसऱ्या वेळी काय दिसलं ते मला लिहून कळवा, पुढचं आपण त्यावर बोलू.